काळा दोरा कापायचा की सरकवायचा?

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला समाजशास्त्रात 'संस्कृती' येते. व्याख्या पाठ होते, पाच मार्क पडतात, विषय संपतो. तो खरा सुरू होतो पीएनसी वॉर्डात, म्हणजे बाळंतिणींच्या वॉर्डात. बाळाला सलाईन लावायचंय, शीर सापडलीय मनगटावर, आणि नेमका तिथेच आजीने काळा दोरा बांधलाय. विद्यार्थिनीचा हात कात्रीकडे जातो. आजी काही बोलत नाही. पण डिस्चार्जनंतर त्या बाळाचं लसीकरण चुकलं तर त्याचं एक कारण ती कात्री असू शकते, हे केस पेपरवर कुठे लिहिलेलं नसतं.

दोरा सैल असेल तर तो वर सरकवा, किंवा आजींनाच सांगा, "आजी, हा दुसऱ्या हाताला बांधता का? इथे सुई लावायचीय." दोन मिनिटांचं काम. हात सुजलाय आणि दोरा रुतलाय, तर मात्र तो काढायलाच हवा, कारण पुढचं रक्त अडतं. कापताना आजींना बघू द्या, कारण सांगा, दोरा त्यांच्या हातात परत द्या. अतिदक्षता कक्षात ओला, मळका दोरा जंतूंचं घर होतो. तिथे तो छोट्या प्लास्टिकच्या पाकिटात घालून पाळण्याला अडकवला तरी आजींचं समाधान होतं. कचऱ्याच्या डब्यात दिसला की संपलं.

मॅडेलिन लेनिंजर या अमेरिकी परिचारिकेने, त्या मानववंशशास्त्राच्याही अभ्यासक होत्या, संस्कृतीनुसार शुश्रूषेचा सिद्धांत मांडला. त्यात काम करायच्या तीन तऱ्हा आहेत. वॉर्डातल्या मराठीत सांगायचं तर राहू द्या, जुळवून घ्या, बदला. दोरा सरकवणं म्हणजे जुळवून घेणं, रुतलेला काढणं म्हणजे बदल. केअर प्लॅनमध्ये हे तिन्ही शब्द सुरेख लिहिले जातात, पण कोणती तऱ्हा कधी, हे ठरवणारा प्रश्न लिहायचा राहतो: यात शरीराला इजा आहे का? इजा नसेल तर हात लावू नका, मग ती गोष्ट तुम्हाला कितीही खुळचट वाटो. अमुक जातीचे लोक असं करतात, तमुक धर्माचे तसं, अशा याद्या पाठ करून हे जमत नाही. एकाच घरात सासू एकादशी करते आणि सून करत नाही.

बाळंतिणीच्या खाटेपासूनच सुरुवात करू, कारण तिन्ही तऱ्हा एका सकाळीत तिथे लागतात.

पहिला वाद चिकाचा. "पहिलं दूध खराब असतं, पिळून टाका," हे अजून ऐकू येतं. इथे इजा आहे, म्हणून बदल हवा. पण 'प्रतिपिंडं' या शब्दाने कुणी बदलत नाही. गाय व्याली की हेच घर चिकाचा खरवस शेजारीपाजारी वाटतं. मग विचारा, "वासराचा चीक आपण इतक्या आवडीने खातो, मग आपल्या बाळाचा का टाकायचा?" दुसरी शंका असते, "दूधच येत नाही, थेंबभर येतंय." पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळेला चमचाभरच मावतं, म्हणून थेंब पुरतात. २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजायचं. पुरतंय का ते दुपट्यावरून कळतं: पहिल्या दिवशी निदान एकदा शू, दुसऱ्या दिवशी दोनदा, तिसऱ्या दिवशी तीनदा, आठवडा होईपर्यंत सहा किंवा जास्त. ही मोजणी आजींकडे सोपवा. ज्या आजी दूध पिळायला सांगत होत्या, त्याच दुपटी मोजू लागतात.

दुसरा वाद मधाचा. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही. त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंनी बॉट्युलिझम होऊ शकतो, बाळ लुळं पडतं, श्वास अडतो. पण मध का चाटवतात ते आधी समजून घ्या. घरातल्या ज्या गुणी माणसाने पहिल्यांदा चाटवलं, त्याचे गुण बाळात उतरतात अशी समजूत असते. म्हणजे मुद्दा मधाचा नाही, त्या माणसाचा आहे. मग त्याच काकांनी किंवा आत्यांनी हात धुऊन बाळ पहिल्यांदा आईच्या छातीशी द्यावं, असं सुचवा. मान राहतो, मध टळतो. मुस्लिम घरात बाळाच्या कानात अजान द्यायची असते. बाळ कोरडं करून, डोकं झाकून, गुंडाळून दिलं की दोन मिनिटं कुणी मध्ये बोलू नका, एवढंच काम आहे.

तेलमालिश राहू द्या, पण नाकाकानात तेल घालणं बंद. पहिली आंघोळ किमान २४ तासांनंतर. काजळ डोळ्यांत नको, तीट तळपायाला लावा. नाळेला हळद, राख, तेल काहीही नाही, ती कोरडी ठेवायची. आणि एक गोष्ट विद्यार्थ्यांना बहुतेक कुणी सांगत नाही: नवजात बाळाची छाती कधी कधी सुजलेली दिसते, मुलाचीसुद्धा. ती आईच्या संप्रेरकांमुळे असते आणि आपोआप उतरते. मालिशवाली बाई ती दाबून 'चीक काढते' आणि तिथे गळू होतं. डिस्चार्जच्या वेळी हे नाव घेऊन सांगा: छाती दाबायची नाही.

बाळंतिणीचं खाणं हा बहुतांशी 'राहू द्या'चा विभाग आहे. अळीव, डिंक, मेथीचे लाडू, शेपू, बाजरीची भाकरी, यांत नाक मुरडण्यासारखं काही नाही (गरोदरपणात मधुमेह निघाला असेल तर लाडवातल्या गुळाबद्दल डॉक्टरांशी बोला). अडचण पाण्याची. "पाणी प्यायलं की पोट सुटतं" म्हणून सिझेरियन झालेल्या बाईला दिवसभरात दोन पेले पाणी मिळतं. मग लघवी जळजळते, शौचाला खडा होतो, टाके ताणले जातात. इथे "भरपूर पाणी प्या" म्हणून निघून जाऊ नका. आक्षेप बहुधा गार पाण्याला असतो. थर्मासमध्ये कोमट पाणी, ओवा किंवा बाळंतशोपा घालून उकळलेलं, खाटेशी ठेवा आणि प्रत्येक वेळी पाजायच्या आधी एक पेला असं बांधून द्या. दहा वेळा पाजलं की दोन लिटर होतात.

शेक-शेगडीचं तसं नाही. बंद खोलीत कोळशाची शेगडी म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, आणि सिझेरियनच्या टाक्यांभोवतीची जागा बधिर असेल तर तिथला चटका तिला कळतही नाही. खिडकी उघडी, शेगडी खोलीबाहेर, धुरी बाळाजवळ नाही, यावर तडजोड होते. वॉर्डात तर शेगडी नाहीच.

लोहाच्या गोळ्यांबद्दल "उष्ण पडतात" ही तक्रार ठरलेली. प्रसूतीनंतर रोज एक अशी १८० दिवसांची गोळी सरकारी कार्यक्रमात आहे, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड. उशाखाली साठलेल्या पट्ट्या बघितल्या की 'उष्ण' या शब्दाची ताकद कळते. वाद घालण्याऐवजी त्याच भाषेत उत्तर द्या: गोळी जेवणानंतर लिंबूपाण्याबरोबर घ्या. लिंबू त्यांच्या हिशेबात थंड, आणि आपल्या हिशेबात त्यातलं क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं. चहा मात्र गोळीच्या आगेमागे तासभर नको, आणि कॅल्शियमची गोळी दोन तास लांब. संडास काळी होईल हे आधीच सांगून ठेवलं नाही तर दुसऱ्याच दिवशी गोळी बंद.

पाचवी-सहावीला सटवाई बाळाच्या कपाळी नशीब लिहायला येते, म्हणून घरचे "आज रात्रीपुरतं घरी नेतो" म्हणतात. बाळ कावीळ उतरवणाऱ्या दिव्याखाली असेल तर ते शक्य नाही. पूजा घरी करा, खाटेशेजारी कोरा कागद आणि पेन ठेवा, असं सुचवलं तर बऱ्याच घरांना चालतं. ऑक्सिजनजवळ निरांजन किंवा उदबत्ती मात्र कोणत्याही कारणाने नाही.

मेळघाटात कोरकू वस्त्यांमध्ये बाळाचं पोट फुगलं की तापलेल्या लोखंडाने पोटावर चटके देतात. त्याला डंबा म्हणतात. इथे जुळवून घेण्याला जागाच नाही. पण आईवर ओरडलात तर पुढचं बाळ पोट फुगल्यावर तुमच्यापर्यंत येणार नाही, आधी भुमकाकडे, म्हणजे गावातल्या मांत्रिक-वैदूकडे जाईल. फुगलेलं पोट हे जंतुसंसर्गाचं किंवा आतडं अडल्याचं लक्षण असू शकतं. तेव्हा सांगायचं वाक्य एकच: पोट फुगलं, बाळ पीत नाही किंवा गार पडलं, तर त्याच दिवशी घेऊन या. शिवाय कोरकू ही मुंडा कुळातली भाषा आहे, गोंडी आणि माडिया द्राविडी कुळातल्या. हळू आणि मोठ्याने बोलल्याने मराठी समजत नाही, नुसतं ओरडल्यासारखं वाटतं. आशाताईंना दुभाषी म्हणून सोबत घ्या. गडचिरोलीत १९८६ पासून काम करणाऱ्या डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने दवाखाना बांधण्याआधी गोंड लोकांनाच विचारलं. म्हणून शोधग्राममधला, म्हणजे संस्थेच्या आवारातला, दवाखाना टोलेजंग इमारत नसून गावासारखा आहे, नातेवाइकांना राहायला जागा आहे, आणि नाव माँ दंतेश्वरी या त्यांच्या देवीचं आहे.

सर्पदंशाला मंत्र हाही तसाच, वाटाघाटीविना बदलायचा प्रकार. साप, विंचू, कुत्रा चावल्यावर उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. पण अंगारा लावून थेट दवाखान्यात आलेल्या माणसाचा अंगारा पुसत बसू नका, अँटिव्हेनम (सापाच्या विषावरचं इंजेक्शन) आधी.

आता उपवास. सगळ्यात जास्त चुका इथे होतात आणि त्या आपल्याच माणसांबाबत होतात, कारण 'हे तर आपल्याला ठाऊकच आहे' असं वाटतं. सकाळी सातला मिश्र इन्सुलिन दिलं, नाश्ता आला, आजी म्हणाल्या, "आज माझी चतुर्थी." त्या इन्सुलिनला अर्ध्या तासाच्या आत जेवण लागतं. म्हणून सुई हातात घेण्याआधी विचारायचं, "आजी, आज काही पाळताय का?" घाम, थरथर, साखर ७० च्या खाली, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या आणि १५ मिनिटांनी परत तपासा. साखर उपवासाला चालते, तेव्हा इथे धर्मसंकटही नाही. नंतर साबुदाण्याची बशी मात्र अर्धी करा, तो जवळजवळ निव्वळ पिष्ट असतो आणि साखर झरकन वर नेतो.

डायलिसिसच्या रुग्णाची एकादशी याहून धोक्याची. बटाटा, रताळं, शेंगदाणे, केळं, शहाळं, उपवासाचं सगळं ताट पोटॅशियमने भरलेलं, आणि ते वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात. "सैंधव चालतं ना?" असं विचारतील. सैंधवसुद्धा मीठच, सोडियम त्यातही आहे. वरीचा भात, दाण्याचं कूट नावापुरतं, इतपत आहारतज्ज्ञांकडून ठरवून घ्या.

रोज्याच्या दिवसांत मधुमेही रुग्ण विचारतात, बोटाला टोचून साखर तपासली तर रोजा तुटतो का? बहुतेक उलेमांच्या, म्हणजे धर्मपंडितांच्या, मते तुटत नाही. ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडायचा, हे रमजानच्या आधीच डॉक्टरांसमोर ठरवून ठेवा. आजारी माणसाला इस्लाममध्ये रोज्यातून सूट आहे, पण ते तुम्ही ऐकवलं तर उपदेश वाटतो. घरातल्या वडीलधाऱ्यांनी किंवा मशिदीतल्या इमामांनी सांगितलं तर पटतं.

जैन रुग्णाचा चौविहार असेल तर सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा नाही. रात्री दहाची गोळी ट्रॉलीवर ठेवून "घ्या हं" म्हणून पुढे गेलात, तर सकाळी ती तिथेच असते. दिवसातून एकदाची गोळी असेल तर डॉक्टरांना विचारून संध्याकाळी सहाला आणता येते. दर आठ तासांचं प्रतिजैविक असं सरकवता येत नाही. तिथे शिरेतून देणं किंवा दिवसातून एकदाच घ्यायचं औषध, हा निर्णय डॉक्टरांचा. स्वतःच्या अंदाजाने वेळ बदलू नका. हेपरिन डुकराच्या आतड्यापासून बनतं, बऱ्याच कॅप्सूलची टोपणं जिलेटिनची असतात. रुग्णाने विचारलं तर खरं सांगा, आणि पर्याय असतो हे लक्षात ठेवून वरिष्ठांना कळवा.

या सगळ्याची नोंद "रुग्ण सहकार्य करत नाही" अशी करू नका. ते वाक्य वाचून रात्रपाळीची सिस्टर आधीच कपाळाला आठी घालून येते. लिहा: 'सूर्यास्तानंतर काही घेत नाहीत, डॉक्टरांच्या आदेशानुसार रात्री १० ची मात्रा सायंकाळी ६ ला.'

ऑपरेशनच्या आधी दागिने उतरवताना बोलण्याला फार महत्त्व आहे. विद्युत-चाकूने धातूखाली भाजू शकतं, अंगठी सुजलेल्या बोटात अडकते, त्यामुळे नियम बरोबरच आहे. पण मराठीत सवाष्णीच्या बांगडीला 'फुटली' सुद्धा म्हणत नाहीत, 'वाढली' म्हणतात. त्याच बाईला गाडीवर झोपवल्यावर घाईत "मंगळसूत्र काढा, बांगड्या काढा" म्हणणं म्हणजे तिच्या भीतीवर बोट ठेवणं. आदल्या संध्याकाळी सांगा, "उद्या धातूचं काही चालत नाही. दोऱ्यात हळकुंड बांधून आणाल का?" मंगळसूत्र तुटल्यावर घरोघरी हेच करतात. सुती दोरा गळ्याऐवजी मनगटाला बांधला की भूलतज्ज्ञांचीही हरकत सहसा नसते. काचेच्या बांगड्या साबण लावून सासूबाईंकडून किंवा बहिणीकडून काढून घ्या, तोडू नका. ऐवज नातेवाइकाच्या हातात देऊन रजिस्टरला सही. मेंदी किंवा नेलपॉलिश असेल तर ऑक्सिजन मोजायला बिनरंगाचं बोट किंवा कानाची पाळी शोधा.

नांदेडकडे शीख रुग्ण नेहमीच येतात. त्यांचे केस विचारल्याशिवाय कापायचे नाहीत, आणि खरं तर कुणाचेच वस्तऱ्याने काढायचे नाहीत. बारीक जखमा होऊन संसर्ग वाढतो. अगदीच अडत असतील तर क्लिपरने, लागेल तेवढ्याच जागेचे.

आता शब्द. 'अंगावरून जातं' म्हणजे पांढरं की लाल, हे विचारल्याशिवाय लिहू नका. एकात तपासणी निवांत होते, दुसऱ्यात बाई तासाभरात गळून जाऊ शकते. 'अंगावरून वारं गेलं' हे पूर्ण वेगळं, तो पक्षाघात. तिथे पुढचा प्रश्न लगेच, "शेवटचे नीट कधी होते?" कारण गुठळी विरघळवणारं औषध साडेचार तासांच्या आतच देता येतं. 'बाहेर जाऊन आले' म्हणजे संडास, 'बाहेर बसलीय' म्हणजे पाळी, 'बाहेरचं झालंय' म्हणजे भूतबाधेचा संशय. तिसरं ऐकलं की हसू नका. त्यामागे फिट, नैराश्य किंवा बाळंतपणानंतरचं मानसिक आजारपण असू शकतं.

आर्थर क्लाइनमन या मनोचिकित्सकाने रुग्णाला आपल्या आजाराबद्दल काय वाटतं हे काढून घ्यायला आठ प्रश्न दिले आहेत. वॉर्डातल्या घाईत तीन पुरतात. "हे कशामुळे झालं असं तुम्हाला वाटतं?" "इथे येण्याआधी काय काय केलंत, घरी, वैद्याकडे, देवाकडे?" "सगळ्यात भीती कशाची वाटते?" दुसऱ्या प्रश्नातला 'देवाकडे' हा शब्द गाळू नका. तुम्ही तो उच्चारला की त्यांना खरं सांगायला मोकळीक मिळते, आणि झाडपाल्याचं औषध चालू आहे का ते कळतं.

जुन्या वळणाची बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. रकाना भरायचाय म्हणून तिच्यामागे लागू नका, आधारकार्ड बघा किंवा सोबतच्या मुलाला विचारा. मात्र पाळीबद्दल, मारहाणीबद्दल विचारताना तोच मुलगा किंवा सासू दुभाषी नको. "समजलं का?" या प्रश्नाचं उत्तर मानापोटी "हो" असंच येतं. त्याऐवजी, "घरी गेल्यावर ही गोळी कशी घ्याल, मला सांगा बरं." आणि अहो-जाहो. मळक्या धोतराला 'तू' आणि इस्त्रीच्या शर्टाला 'तुम्ही' हे वॉर्डात सर्रास चालतं, आणि विद्यार्थी ते वरिष्ठांकडून शिकतात. बऱ्याच आदिवासी बोलींत मात्र सगळ्यांनाच 'तू' असतं. तिथला आजोबा डॉक्टरांना "तू कवा येशील?" म्हणाला तर त्याने अपमान केलेला नसतो. तुम्ही त्याला आजोबा आणि तुम्हीच म्हणा.

शेवटच्या घडीला गंगाजल आणि तुळशीपत्र मागतात. बेशुद्ध माणसाच्या तोंडात चमचा रिकामा करू देऊ नका, पाणी श्वासनलिकेत जातं. कापसाचा बोळा भिजवून ओठ ओले करायला द्या. मुस्लिम रुग्णाचं तोंड किब्ल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला, आपल्याकडून साधारण पश्चिमेला, करायचं असतं. खाट फिरवता आली तर फिरवा, नाहीतर मान वळवली तरी चालते. आंघोळ घरचे किंवा समाजाचे लोक घालतात, म्हणून आपण डोळे मिटणं, जबडा बांधणं, हातपाय सरळ करणं एवढंच करावं. पोलीस केस असेल तर नळ्या काढायच्या नाहीत, शवविच्छेदनाआधी धुवायचंही नाही, आणि हे नातेवाइकांना पहिल्या पाच मिनिटांतच सांगायचं.

हातपाय सरळ करण्याआधीसुद्धा विचारा. सोलापूर, लातूरकडे लिंगायत कुटुंबात मृताला बसवून, मांडी घालून पुरतात. मृत्यूनंतर दोन ते चार तासांत शरीर आखडायला लागतं आणि बारा तासांच्या सुमारास पूर्ण ताठरतं. कागदपत्रांसाठी चार तास थांबवलेल्या त्या घरची माणसं काउंटरवर का ओरडतायत, हे ज्या सिस्टरला माहीत असतं ती दाखल्याची फाइल आधी पुढे सरकवते. आणि सवाष्ण गेली असेल तर दागिने उतरवायच्या घाईत बांगड्यांना हात लावू नका. पुष्कळ घरांत तिला हिरवा चुडा, मळवट आणि मंगळसूत्रासकट नेतात. अंगावर काय ठेवलं आणि काय उतरवून दिलं, दोन्ही ओळी रजिस्टरला लिहा, आणि खाली घेणाऱ्याची सही.